पेटीत पाणी आहे, मग मासे का नाहीत?

आमच्या चौथीच्या वर्गात फळ्याच्या डाव्या हाताला टेबलावर एक काचेची पेटी ठेवली आहे. तिच्यात पाणी आहे, तळाला ओढ्याचे धुतलेले खडे आहेत, हिरवी पाणवनस्पती आहे आणि एका कोपऱ्यातून बुडबुडे वर येतात. पण मासा एकही नाही. वर्गात येणारा प्रत्येक मोठा माणूस आधी वाकून आत बघतो आणि मग विचारतो, "मेले का रे मासे?"

मासे मेले नाहीत. ते अजून आणलेलेच नाहीत. १५ ऑगस्टला सगळे पालक शाळेत येतील तेव्हाही पेटी अशीच दिसणार आहे. पहिलीतली पोरं तर म्हणतात, चौथीवाले पाण्याची राखण करतात. म्हणून हा लेख लिहिला आहे. सर्वांनी तो पुरा वाचावा आणि मग काय ते बोलावे.

मासा पाण्यात राहतो, पाण्यातच खातो आणि पाण्यातच घाण करतो. त्याला परसाकडे जायला दुसरी जागा नाही. नदीत पाणी पुष्कळ, म्हणून घाण पसरून जाते. आमच्या पेटीत १५ लिटरच्या तीन बादल्या पाणी मावले, म्हणजे ४५ लिटर. एवढ्याशा पाण्यात घाण जाणार कुठे? माशाच्या अंगातून अमोनिया नावाचा पदार्थ बाहेर पडतो. बराचसा तर कल्ल्यांतूनच येतो. न खाल्लेले खाणे कुजले की त्याचाही अमोनिया होतो. तो डोळ्यांना दिसत नाही. पाणी अगदी नितळ दिसते आणि तरी त्यात विष असते. ज्यांच्या घरी गोठा आहे त्यांना अमोनिया म्हणजे काय हे सांगायला नको. पहाटे गोठ्याचे दार उघडले की नाकाला जो वास झोंबतो तो अमोनियाचाच. आपण नाक धरून बाहेर येतो. मासा पेटीतून कुठे जाईल? त्याचे कल्ले भाजल्यासारखे होतात. पाणी गरम असले आणि पाण्याचा सामू ७ च्या बराच वर असला तर अमोनिया जास्तच जहाल होतो. सामू हा शब्द मी आधी फक्त आमच्या शेताच्या माती परीक्षणाच्या कागदावर पाहिला होता. पाण्यालाही सामू असतो हे मला आता कळले.

माझ्या मावशीच्या घरी असेच झाले. त्यांनी जत्रेनंतर काचेचे गोल भांडे आणि सहा सोनेरी मासे विकत आणले. दुकानदाराने सांगितले, "घरी जाऊन नळाचं पाणी भरा आणि लगेच सोडा, काही होत नाही." पहिले चार दिवस मासे छान फिरत होते. मग ते वर तोंड करून उघडझाप करायला लागले. नवव्या दिवशी एकही उरला नाही. मावशीच्या सासूबाई म्हणाल्या, दृष्ट लागली, एवढी माणसे येऊन बघत होती. त्यांनी मिरच्या ओवाळूनही टाकल्या होत्या. मी आजींना उलट बोललो नाही. पण माझे म्हणणे असे की दृष्ट असती तर पहिल्याच दिवशी लागली असती, कारण त्या दिवशी माणसे सर्वांत जास्त आली होती. नऊ दिवस लागले कारण अमोनिया साठायला दिवस लागतात.

मग तळ्यातले आणि विहिरीतले मासे का मरत नाहीत? कारण तिथे अमोनिया खाणारे जंतू असतात. जंतू म्हटले की आपल्याला हगवण आणि ताप आठवतो, पण हे जंतू आपल्याला काही करत नाहीत. यांच्या दोन जाती आहेत आणि त्या एकापाठोपाठ काम करतात. पहिली जात अमोनिया घेते आणि त्याचा नायट्राइट करते. तिच्यात नायट्रोसोमोनास नावाचे जंतू असतात. दुसरी जात नायट्राइट घेते आणि त्याचा नायट्रेट करते. तिच्यातल्या एकाचे नाव नायट्रोस्पायरा. जुन्या पुस्तकांत दुसऱ्या जातीचे नाव नायट्रोबॅक्टर असे दिलेले असते, पण माशांच्या पेटीत हे काम मुख्यतः नायट्रोस्पायरा करतो असे १९९८ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी दाखवले. नावे अवघड आहेत. आम्ही वर्गात त्यांना पहिली पाळी आणि दुसरी पाळी म्हणतो.

यातला नायट्राइट हाही विषच आहे. तो कल्ल्यांतून रक्तात जातो आणि लाल रक्त तपकिरी करतो. तपकिरी रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही. म्हणजे पाण्यात हवा असूनही मासा गुदमरतो. शेवटी जो नायट्रेट होतो तो मात्र बराच सौम्य असतो. तो पुष्कळ साठला तरच बाधतो.

हेच जंतू आपल्या शेतातल्या मातीतही असतात, हे मला सर्वांत आवडले. आपण युरिया टाकतो, त्याचा आधी अमोनिया होतो, मग नायट्राइट, मग नायट्रेट. पिकाची मुळे मुख्यतः तो नायट्रेट शोषून घेतात. म्हणजे आमच्या पेटीत जे चाललंय तेच बांधापलीकडे कपाशीच्या मुळाशी चाललंय. मातीत हे काम करणारे जंतू सर्गेई विनोग्राद्स्की नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने १८९० साली वेगळे काढून दाखवले. त्याच्याही आधी, १८५० साली, लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी काचेच्या भांड्यात सोनेरी मासे, व्हॅलिस्नेरिया नावाची पाणवनस्पती आणि गोगलगायी एकत्र ठेवल्या आणि पाणी न बदलताही मासे जगतात हे लिहून प्रसिद्ध केले. पण जंतूंचे हे काम तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते.

आता मुख्य गोष्ट. नव्या पेटीत हे जंतू जवळजवळ नसतातच. काच नवी, पंप नवा, स्पंज नवा, खडे धुतलेले. त्यांना वाढायला वेळ द्यावा लागतो. आई दुधाला विरजण लावते तेव्हा एका रात्रीत दही होते, कारण दह्यातले जंतू भराभर दुप्पट होतात. पेटीतले हे जंतू फार सावकाश वाढतात. एकाचे दोन व्हायला त्यांना जवळपास एक दिवस लागतो, कधी त्याहूनही जास्त. म्हणून नवी पेटी तयार व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. पाणी कोमट असेल तर थोडे लवकर, थंडीत उशिरा.

विरजण इथेही चालते. कोणाकडे जुनी, चांगली चालू असलेली पेटी असेल तर तिच्यातला मूठभर खडा किंवा जुना स्पंज आणून नव्या पेटीत टाकावा. जंतू त्याला चिकटलेले असतात. ते पाण्यात फारसे तरंगत नाहीत, म्हणून जुन्या पेटीचे नुसते पाणी आणून उपयोग नाही. आमच्या आसपास कोणाकडेच चालू पेटी नव्हती, म्हणून आम्ही विरजणाशिवाय सुरुवात केली.

पण जंतू वाढवायचे तर त्यांना अमोनिया खायला पाहिजे. मासे नाहीत तर अमोनिया येणार कुठून? यावर सोपी युक्ती आहे. रोज पेटीत चिमूटभर माशांचे खाणे टाकायचे. ते कुजते आणि अमोनिया होतो. रिकाम्या पेटीत खाणे टाकताना बघून आमच्या आहार शिजवणाऱ्या मावशी म्हणाल्या, "भुताला जेवायला घालता काय रे?" भूत नाही, पण न दिसणाऱ्यांनाच घालतो, हे खरंय.

आम्ही १० जुलैला पाणी भरले आणि पंप सुरू केला. पंप हवा सोडतो आणि त्या हवेबरोबर पाणी स्पंजमधून ओढले जाते. स्पंज म्हणजे जंतूंचे घर. त्यांना प्राणवायू लागतो, म्हणून पंप रात्रंदिवस चालू ठेवायचा. चौथ्या दिवशी पाणी तांदळाच्या धुवणासारखे पांढुरके झाले. सगळे घाबरले. एकदोघे तर बादली घेऊन पाणी फेकायला निघाले होते. गुरुजी म्हणाले, हे वेगळे जंतू आहेत, कुजके खाणे खाऊन एकदम वाढलेत, काही करू नका. आठव्या दिवशी पाणी आपोआप निवळले.

गुरुजींनी तालुक्याहून पाणी तपासायच्या औषधाच्या बाटल्या आणल्या आहेत. काचेच्या नळीत पेटीतले पाणी घ्यायचे, मोजून थेंब टाकायचे आणि थोडा वेळ थांबून रंग बघायचा. अमोनियाच्या नळीत पाणी पिवळे राहिले तर अमोनिया नाही, हिरवे झाले तर आहे. जेवढे गडद तेवढा जास्त. नायट्राइटच्या नळीत गुलाबी-जांभळा रंग येतो. आम्ही तारीख आणि रंग वहीत लिहितो. सातव्या दिवशी अमोनियाची नळी पोपटी झाली. चौदाव्या दिवशी ती कडुनिंबाच्या पानासारखी गडद झाली. सोळाव्या दिवशी दुसऱ्या नळीत पहिल्यांदा फिकट गुलाबी दिसले, म्हणजे पहिली पाळी कामावर आली. वर्गात टाळ्या वाजल्या. सत्ताविसाव्या दिवशी अमोनियाची नळी पिवळीच राहिली, पण नायट्राइटची नळी वांग्यासारखी जांभळी झाली.

आज ऑगस्टची १२ तारीख आहे, म्हणजे चौतिसावा दिवस. अमोनिया नाही. नायट्राइट अजून आहे, पण रंग उतरत चालला आहे. संध्याकाळी खाणे टाकल्यावर दुसऱ्या दिवशी दोन्ही नळ्यांत काहीच रंग आला नाही आणि असे सलग तीन दिवस झाले, तरच पेटी पास असे आम्ही ठरवले आहे.

इथे वर्गात भांडण झाले. आमचे मासे ठरलेले आहेत. आरोग्य केंद्राच्या हौदात गप्पी मासे पाळलेले असतात. ते डासांच्या अळ्या खातात, म्हणून हिवताप आणि डेंग्यू होऊ नये यासाठी आरोग्य खात्याची माणसे ते साठलेल्या पाण्यात सोडतात. त्यांतलेच आम्हाला मिळणार आहेत. गप्पी हे नाव गप्पांवरून आलेले नाही. त्रिनिदाद बेटावरचे रॉबर्ट लेचमेअर गप्पी यांनी हे मासे लंडनच्या संग्रहालयाला पाठवले होते. १८६६ साली त्यांच्यावरून माशाला नाव पडले. तर काही मुलांचे म्हणणे असे, की १५ ऑगस्टला आईवडील येणार, रिकामी पेटी कशी दाखवायची? गप्पी आणू आणि कार्यक्रम झाला की परत नेऊ. माझा मित्र म्हणाला, "गप्पी गटारातपण जगतो, त्याला काय होतंय!"

त्याचे म्हणणे अर्धे खरे आहे. गप्पी मोठा चिवट मासा आहे. पण गटारात जुना गाळ असतो आणि त्या गाळात जंतू आधीपासून ठाण मांडून बसलेले असतात. आमची पेटी नवी कोरी आहे. शिवाय जगणे वेगळे आणि बरे असणे वेगळे. आजारी मासासुद्धा दोन दिवस हलतो. गुरुजींनी हात वर करायला सांगितले. थांबायच्या बाजूने १६ हात आले, आणायच्या बाजूने ७. माझा हात १६ मध्ये होता. ७ मुले अजून आमच्याशी नीट बोलत नाहीत. पालकहो, तुम्ही १५ तारखेला आलात तर मासे दिसणार नाहीत, पण नळ्यांचे रंग आम्ही दाखवू.

आता पाण्याविषयी. आपल्या नळाचे पाणी पिण्यासाठी चांगले आहे, पण माशांसाठी तसेच्या तसे चालत नाही. टाकीत टीसीएल पावडर टाकतात. तिच्यातले क्लोरीन कॉलऱ्याचे जंतू मारते आणि आमच्या कामाचे जंतूही मारते. क्लोरीनला आपला आणि परका कळत नाही. माशांच्या कल्ल्यांनाही त्याचा त्रास होतो. म्हणून पाणी रुंद तोंडाच्या उघड्या बादलीत २४ तास ठेवावे आणि अधूनमधून ढवळावे. क्लोरीन उडून जाते. ग्रामपंचायतीचे पाणी सोडणारे काका ओ.टी. टेस्ट करतात, तिच्यात क्लोरीन असले की पाणी पिवळे होते. त्यांनी आमच्या बादलीची टेस्ट करून दाखवली. आदल्या दिवशीचे पाणी पिवळे झाले नाही. शहरात काही ठिकाणी क्लोरामाइन नावाचे दुसरे औषध वापरतात. ते असे ठेवून उडत नाही, त्याला दुकानातले औषध लागते. बोअरच्या पाण्यात टीसीएल नसते, पण त्यात हवा कमी असते, म्हणून तेही एक दिवस ठेवूनच वापरावे.

मासे आल्यावर सगळे एकदम आणायचे नाहीत. जंतू खाण्याइतकेच असतात, जास्त नसतात. आधी चार गप्पी आणायचे, दहा-पंधरा दिवस नळ्या बघायच्या आणि मग आणखी चार. आम्ही फक्त नर आणणार आहोत. नर लहान आणि शेपटीला रंगीत असतो. मादी अंडी घालत नाही, तिला जिवंत पिल्ले होतात, एका वेळी वीस-तीससुद्धा, आणि महिन्याभराने पुन्हा. नर-मादी एकत्र ठेवले तर दिवाळीपर्यंत पेटीची यष्टी होईल. जास्त झालेले गप्पी नदीत किंवा ओढ्यात मात्र कोणी सोडू नयेत. ते बाहेरच्या देशातले मासे आहेत, आपल्या ओढ्यातल्या लहान माशांची अंडी-पिल्ले खातात.

खाणे दिवसातून एकदाच, दोन मिनिटांत संपेल एवढे. माझ्या मते मासे उपाशी राहून कमी मरतात आणि प्रेमाने जास्त मरतात. खिचडीची शिते, बिस्किटाचा चुरा, चुरमुरे यांतले काहीही पेटीत टाकू नये. हे दुसरीच्या मुलांसाठी लिहिले आहे. साबणाचा हात पाण्यात घालू नये. पेटी उन्हात ठेवू नये, नाहीतर काचेवर शेवाळ माजते. आमची पेटी खिडकीत ठेवलेली नाही ती याच कारणाने.

दर शनिवारी चौथा हिस्सा पाणी बदलायचे, म्हणजे आमच्या पेटीतले पाऊण बादली. सगळे पाणी कधीच बदलायचे नाही. नायट्रेट काढायला दुसरा चांगला उपाय नाही. पाणवनस्पती थोडा शोषते, पण सगळा नाही. नायट्रेट लिटरला ४० मिलिग्रॅमच्या खाली राहिला तर चांगले. माणसांच्या पिण्याच्या पाण्यालाही ४५ मिलिग्रॅमची मर्यादा आहे. शेतातला जादा युरिया झिरपून विहिरीत गेला तर तिथेही नायट्रेट वाढतो आणि तान्ह्या बाळाच्या पोटात त्याचा नायट्राइट होऊन बाळाचे रक्त माशासारखेच बिघडू शकते. पाणी तपासायच्या पेटीत नायट्रेट बघता येतो. ज्यांच्या घरी लहान बाळ आहे आणि विहीर शेतात आहे त्यांनी पाणी तपासून घ्यावे.

काढलेले पाणी फेकायचे नाही. आधी त्यातच स्पंज हलक्या हाताने पिळून धुवायचा. नळाखाली धुतला तर क्लोरीनने जंतू मरतात आणि पेटी पुन्हा पहिल्या दिवसावर येते. स्पंज पांढरा शुभ्र करायचा नाही. तपकिरीच चांगला. मग ते पाणी परसबागेत ओतायचे. त्यातला नायट्रेट वांग्यांना मिळतो.

वीज गेली की पंप बंद पडतो आणि स्पंजातले जंतू गुदमरायला लागतात. तासाभराने काही होत नाही. पण जास्त वेळ गेली तर तांब्याने पेटीतले पाणी घेऊन एक वीत उंचीवरून त्याच पेटीत ओतावे, म्हणजे पाण्यात हवा मिसळते. थोडे स्पंजवरही ओतावे. रोज दोघांची पाळी लावली आहे. रविवारी ज्यांचे घर शाळेजवळ आहे ते बघतात.

ज्यांना घरी पेटी करायची असेल त्यांनी आतापासून काच आणि खडे जमवावेत. आमची पेटी पास झाल्यावर दोन महिन्यांनी आम्ही स्पंजचे तुकडे विरजणाला देऊ. तुकडा डब्यात आमच्याच पेटीतल्या पाण्यात बुडवून न्यावा, वाटेत उन्हात ठेवू नये आणि त्याच दिवशी आपल्या पेटीत टाकावा. वाळला तर उपयोग नाही. तरीही मासे लगेच सोडायचे नाहीत. आधी नळीचा रंग बघायला पाणी बाटलीत भरून आमच्याकडे आणावे, मधल्या सुट्टीत आम्ही तपासून देऊ.